एकाच ताग्यातले कापड : मीडियम फॉरमॅट आणि त्याचे धाकटे प्रतिस्पर्धी

छायाचित्रणाच्या परिभाषेत ‘फॉरमॅट’ म्हणजे भिंगातून आलेली प्रतिमा ज्या पृष्ठभागावर टिपली जाते त्याचे आकारमान, मग तो पृष्ठभाग रसायनाचा लेप दिलेल्या फिल्मचा असो की सिलिकॉनच्या सेन्सरचा. या आकारमानाचे मोठे, मध्यम आणि लहान असे तीन वर्ग फिल्मच्या काळात रूढ झाले आणि डिजिटल कॅमेऱ्यांची चर्चा करतानाही तीच नावे आजवर वापरली जातात. नावे टिकली असली तरी त्यांच्यामागची मापे मात्र बदलली आहेत, आणि मीडियम फॉरमॅटच्या भवितव्याविषयी जे परस्परविरोधी दावे केले जातात त्यांतील बहुतेकांचे मूळ या बदललेल्या मापांकडे झालेल्या दुर्लक्षात सापडते. म्हणून तंत्राच्या तपशिलात शिरण्यापूर्वी मापांचा हिशेब एकदा नीट मांडणे आवश्यक ठरते.

कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये ‘१२०’ या क्रमांकाचा फिल्मरोल बाजारात आणला. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीच्या या रोलवर, कॅमेऱ्याच्या रचनेनुसार, बारा चौरस किंवा सोळा लहान आयताकृती चित्रे निघत, आणि फिल्मच्या काळात मीडियम फॉरमॅट म्हणजे व्यवहारात हाच रोल, असे समीकरण होते. त्याच्या शेजारी दुसरी परंपरा उभी राहिली ती चलचित्रांसाठी तयार होणाऱ्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर. जर्मनीतील लाइत्स कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी ही फिल्म आडवी सरकवून तिच्यावर २४ × ३६ मिलिमीटरचे चित्र घेणारा कॅमेरा घडवला आणि १९२५ मध्ये तो ‘लायका’ या नावाने विक्रीस आला. आज ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हटले जाते ते माप हेच; म्हणजे आज जे पूर्ण समजले जाते ते त्याच्या जन्मकाळी लहान, किंबहुना फारच लहान मानले गेले होते. बार्नाकच्या चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर आणि १२० रोलवरील चौरस चित्राचे, प्रत्यक्ष ५६ × ५६ मिलिमीटर धरून, ३,१३६ चौरस मिलिमीटर. हा साडेतीन पटींहून अधिक फरक उघड्या डोळ्यांना दिसत असे, कारण तेवढाच कागद भरण्यासाठी लहान निगेटिव्ह अधिक मोठी करावी लागे आणि तिच्याबरोबर फिल्मचा रवाही तितकाच मोठा होई.

मराठी वाचकाला हे माप वाटते तितके परके नाही. जुन्या घरांतील अल्बममध्ये जाड काळ्या कागदावर, चिकटवलेल्या त्रिकोणी कोपऱ्यांत अडकवलेले जे चौकोनी फोटो आढळतात, त्यांतील कितीतरी १२० रोलवरचे आहेत. भारतात घरोघरी पोहोचलेला ‘आगफा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा याच रोलवर बारा चित्रे घेत असे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या आणि भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांच्या हाती असलेला रोलीफ्लेक्स हाही याच कुळातला. तेव्हा मीडियम फॉरमॅट म्हणजे श्रीमंतांचे आणि स्टुडिओतले खास उपकरण, ही समजूत डिजिटल युगाने रुजवलेली आहे. फिल्मच्या काळात एकाच मापावर क्लिक थ्रीही चाले आणि १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांबरोबर चंद्रावर गेलेल्या हॅसलब्लाडचे चित्रही साधारण त्याच मापाचे होते, मग त्या कॅमेऱ्यात भरलेली फिल्म १२० ऐवजी ७० मिलिमीटरची का असेना.

डिजिटल तंत्राने ही समता मोडली, आणि त्याचे कारण सिलिकॉनच्या किमतीत आहे. फिल्म चौरस सेंटिमीटरच्या भावाने मिळते. दुप्पट फिल्म हवी असल्यास साधारण दुप्पट पैसे मोजले की काम भागते. सेन्सरचे तसे नाही. तो ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, अनेकांच्या जोडीने घडवला जातो आणि नंतर कापून वेगळा केला जातो. गोल पोळीतून शंकरपाळे कापताना कडेचे तुकडे वाया जातात आणि शंकरपाळा जितका मोठा तितकी नासाडी अधिक, तसाच हा प्रकार आहे; फरक इतकाच की येथे पोळीवर कोठेतरी एखादा सूक्ष्म डाग असला तर तो ज्या तुकड्यात येईल तो अख्खा तुकडा टाकून द्यावा लागण्याची शक्यता असते, आणि तुकडे मोठे असले की एका डागापायी वाया जाणारा हिस्साही मोठा असतो. त्यातच वेफरवर नकाशा छापणाऱ्या यंत्राची एका वेळची चौकट साधारण २६ × ३३ मिलिमीटरची असल्याने त्याहून मोठा सेन्सर दोन किंवा अधिक छापांत, सांधा जुळवून तयार करावा लागतो. फुल फ्रेमलाही हा सांधा चुकत नाही, पण त्याची विक्री मोठी असल्याने खर्च पुष्कळ कॅमेऱ्यांवर वाटला जातो. मीडियम फॉरमॅटला ती सोय नाही.

परिणाम असा झाला, की डिजिटल मीडियम फॉरमॅटने जुने माप कधी पूर्णपणे गाठलेच नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी लीफ कंपनीने मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याच्या पाठीवर बसवायची जी पहिली डिजिटल पेटी आणली, तिची क्षमता सुमारे ४० लाख पिक्सेलची होती. पिक्सेल म्हणजे प्रकाश मोजणारी सेन्सरवरील एकेक कोठी. रंगीत चित्रासाठी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीन वेगवेगळी छायाचित्रे घ्यावी लागत असल्यामुळे ती पेटी केवळ निश्चल वस्तूंच्या कामाची होती. पुढे सेन्सर वाढत गेले, एका झटक्यात रंगीत चित्र घेऊ लागले, तरी आजही त्यांची दोनच मापे प्रचलित आहेत : सुमारे ४४ × ३३ आणि सुमारे ५४ × ४० मिलिमीटर. पहिले माप फुजीफिल्मच्या ‘जीएफएक्स’ आणि हॅसलब्लाडच्या ‘एक्स’ मालिकेत आढळते. त्याचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या १.६७ पट आहे. दुसरे माप प्रामुख्याने डेन्मार्कच्या फेज वन कंपनीच्या महागड्या उपकरणांत असते आणि ते अडीच पटींच्या आसपास भरते. फिल्मच्या काळातील साडेतीन पटींशी या आकड्यांची तुलना केली की लक्षात येते की बाजारात आज जे सर्वाधिक खपते ते मीडियम फॉरमॅट जुन्या अर्थाने मध्यम नसून, लहान फॉरमॅटच्या एक पायरी वर उभे आहे.

छायाचित्रकार प्रकाशाचे मोजमाप ‘स्टॉप’मध्ये करतात, एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट होतो. या मापाने १.६७ पट क्षेत्रफळाचा लाभ पाऊण स्टॉपच्या आत बसतो, तर फिल्मच्या चौरस चित्राचा लाभ जवळजवळ दोन स्टॉपचा होता. ही पाऊण स्टॉपची आघाडी टिकवण्यासाठी किती वजन, किती पैसा आणि किती मंदपणा सोसायचा, हा खरा प्रश्न आहे.

लहान फॉरमॅटने ही आघाडी ज्या वेगाने कमी केली तो इतिहासही उद्बोधक आहे. कॅननने २००२ मध्ये १.१ कोटी पिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आणला, २००५ मध्ये ‘फाइव्ह डी’च्या रूपाने फुल फ्रेम अनेक व्यावसायिकांच्या आवाक्यात आला, आणि २०१२ मध्ये निकॉनच्या ‘डी ८००’ने ३.६ कोटींचा टप्पा गाठला, तेव्हा त्याहून कितीतरी महाग मीडियम फॉरमॅट पेट्यांच्या मालकांना अस्वस्थ होण्याचे पुरेसे कारण मिळाले. दरम्यान ब्रॉनिका आणि कॉन्टॅक्स ही नावे मीडियम फॉरमॅटच्या बाजारातून गेली होती आणि मामियाने २००६ मध्ये आपला कॅमेरा व्यवसाय विकला होता. त्या सुमारास मीडियम फॉरमॅटचे सेन्सर ‘सीसीडी’ पद्धतीचे होते. या पद्धतीत प्रत्येक कोठीतील विद्युत्भार शेजारच्या कोठीकडे सरकवत सरकवत सेन्सरच्या कडेला नेऊन मोजला जातो; भरपूर प्रकाशात तिचे चित्र उत्तम येते, परंतु मंद प्रकाशात ते दाणेदार होते, आणि सेन्सरवरील प्रतिमा पडद्यावर सतत दाखवणे तिला फारसे जमत नाही.

या अवस्थेतून मीडियम फॉरमॅटला बाहेर काढले ते त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या तंत्राने. २०१४ मध्ये फेज वन, हॅसलब्लाड आणि पेंटॅक्स या तिन्ही कंपन्यांनी सोनीने घडवलेला ५ कोटी पिक्सेलचा ‘सीमॉस’ सेन्सर आपापल्या कॅमेऱ्यांत बसवला. सीमॉसमध्ये प्रत्येक कोठीला स्वतःचे वर्धक मंडल असते, त्यामुळे वाचन जलद होते आणि मंद प्रकाशातील गोंगाट, म्हणजे प्रतिमेतील अनाहूत ठिपके, कमी होतो. २०१६ मध्ये हॅसलब्लाडने ‘एक्स १ डी’ जाहीर केला आणि त्याच वर्षी फुजीफिल्मने ‘जीएफएक्स ५० एस’ची घोषणा केली, दोहोंतून भिंगातले दृश्य छायाचित्रकाराच्या डोळ्याकडे वळवणारा आरसा काढून टाकलेला होता. आरसा जाण्याचा लाभ सर्वच कॅमेऱ्यांना झाला असला तरी मीडियम फॉरमॅटला तो अधिक झाला, कारण मोठ्या चौकटीसाठी मोठा आरसा लागे, तो हलताना कॅमेरा हादरे आणि त्याच्यासाठी राखलेल्या जागेमुळे कॅमेऱ्याचा देह फुगे. २०२१ चा ‘जीएफएक्स १०० एस’ सुमारे ९०० ग्रॅमचा, म्हणजे निकॉनच्या आरसाधारी फुल फ्रेम ‘डी ८५०’हूनही हलका निघाला.

या पुस्तकाच्या विषयाचे मर्म ज्या एका आकड्यात आहे तो आकडा येथे सांगितला पाहिजे : ३.७६. एवढ्या मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाच्या पावणेचार पट रुंदीची, कोठी फेज वनच्या १५.१ कोटी पिक्सेलच्या सेन्सरवर आहे; तीच १० कोटींच्या जीएफएक्स आणि हॅसलब्लाडमध्ये आहे; तीच सोनीच्या ६.१ कोटींच्या फुल फ्रेममध्ये आहे. आणि फुल फ्रेमच्याही निम्म्याहून लहान अशा ‘एपीएस-सी’ मापाच्या २.६ कोटींच्या सेन्सरमध्येही जवळजवळ तीच आहे. एकाच ताग्यातून कोणी शर्टपीस फाडून घ्यावा, कोणी साडेतीन मीटरांचा सूटपीस, असे हे नाते आहे. कापडाचा पोत सर्वत्र एकच आहे, आणि जो अधिक पैसे देतो त्याला पोत अधिक तलम मिळत नाही, कापड अधिक मिळते.

हे ध्यानात घेतले की मीडियम फॉरमॅटभोवती जमलेली बरीचशी आख्यायिका आपोआप गळून पडते. त्याच्या चित्रांत काही खास ‘त्रिमिती’ असते, रंगांचे संक्रमण अलौकिक असते, पार्श्वभूमी वेगळ्याच प्रकारे विरघळते, अशी वर्णने जाहिरातींत आणि भक्तांच्या लेखनात विपुल आहेत. पार्श्वभूमी विरघळणे हे क्षेत्र-खोलीवर, म्हणजे प्रतिमेत समोरून मागे किती अंतर सुस्पष्ट राहते यावर अवलंबून असते, आणि क्षेत्र-खोली ठरते ती चौकटीचे माप आणि भिंगाचे छिद्र या दोहोंच्या जोडीने. छिद्राचे माप ‘एफ’च्या आकड्याने सांगतात; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. फुजीफिल्मचे ११० मिलिमीटर, एफ २ हे प्रसिद्ध भिंग फुल फ्रेमच्या हिशेबात सुमारे ८७ मिलिमीटर, एफ १.६ इतके भरते. फुल फ्रेमसाठी ८५ मिलिमीटर, एफ १.२ चे भिंग दुकानात सहज मिळते. म्हणजे ज्या गुणासाठी मोठी चौकट घ्यावी असे सांगितले जाते, त्या गुणात लहान चौकट मोठीला मागे टाकू शकते. सोळा बिटांच्या नोंदीचेही तसेच. चौदा बिटांत प्रत्येक कोठीच्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात आणि सोळा बिटांत ६५,५३६. परंतु शेवटच्या बारीक पायऱ्या बहुतांशी गोंगाटाखाली बुडालेल्या असल्याने वाढतो तो मुख्यतः फाइलचा आकार, आणि तो न आकसता साठवल्यास एका चित्राला २० कोटी बाइटांच्या घरात जातो.

तरीही मीडियम फॉरमॅटचा सगळाच दावा पोकळ आहे, असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे ठरेल. मोठ्या चौकटीवरील प्रतिमा तेवढ्याच कागदासाठी कमी पटीने मोठी करावी लागते, म्हणून भिंगाचे दोषही कमी पटीने वाढतात. ३३ मिलिमीटरची बाजू आणि २४ मिलिमीटरची बाजू यांतला हा फरक सुमारे १.४ पटींचा आहे आणि तो मोठ्या छापील प्रतीच्या कोपऱ्यांत खरोखर दिसतो. हा लाभ सर्वत्र सारखा मिळत नाही, हेही मात्र सांगितले पाहिजे. निसर्गचित्रात समोरच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सर्व काही सुस्पष्ट हवे असेल तर मोठ्या चौकटीवर छिद्र अधिक बारीक करावे लागते, आणि छिद्र बारीक झाले की प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे कडेवरून जाताना त्याचे पसरणे, वाढते. एफ ११ ला प्रकाशाचा आदर्श बिंदूदेखील सुमारे १५ मायक्रॉनच्या चकतीएवढा, म्हणजे चार कोठ्यांएवढा पसरतो. त्यामुळे मोठी चौकट एका हाताने जे देते त्यातले बरेचसे दुसऱ्या हाताने काढून घेते.

जेथे खोली लागत नाही, घाई नाही आणि उजेड आपल्या ताब्यात आहे, तेथे मात्र मोठ्या चौकटीला तोड नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण ॲमस्टरडॅममध्ये आहे. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या साडेचार मीटर रुंद चित्राच्या अभ्यासासाठी राइक्सम्युझियमने १० कोटी पिक्सेलचा हॅसलब्लाड वापरून ८,४३९ छायाचित्रे घेतली आणि ती जोडून २०२२ मध्ये ७१७ अब्ज पिक्सेलची एकच प्रतिमा प्रसिद्ध केली. तिच्यात शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांमधले अंतर चित्रफलकावर केवळ ५ मायक्रॉनचे आहे. यातील प्रत्येक छायाचित्रात फलकाचा सुमारे ५.५ × ४.१ सेंटिमीटरचा तुकडा आला आहे, आणि कॅमेऱ्याच्या आतील सेन्सरही जवळपास तेवढाच आहे. रंगाच्या थरातील भेग सेन्सरवर जवळजवळ जशीच्या तशी, तिच्याच मापाने उमटावी आणि संशोधकाने ती पडद्यावर पाहून चित्राच्या दुरुस्तीचा विचार करावा, यासाठी मोठी चौकट हे उपकरण म्हणून योग्यच आहे. हेच काम फुल फ्रेमने करायचे तर छायाचित्रांची संख्या दुपटीहून अधिक वाढेल, आणि प्रत्येक सांध्याबरोबर चुकीची शक्यताही वाढेल. विमानातून केले जाणारे भूमापन आणि कारखान्यांतील तपासणी यांचेही गणित याच धर्तीचे आहे.

लहान फॉरमॅटचे खरे आव्हान आता पिक्सेलांच्या संख्येचे उरलेले नसून वेगाचे आहे. बहुतेक सीमॉस सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचले जातात, आणि वाचन संपेपर्यंत विषय हलला तर सरळ खांब तिरका दिसतो. ओळी जितक्या अधिक तितके वाचन लांबते. सोनीने २०२३ मध्ये ‘ए ९ थ्री’ या फुल फ्रेम कॅमेऱ्यात सर्व कोठ्या एकाच क्षणी टिपणारा सेन्सर दिला आणि सेकंदाला १२० चित्रे घेण्याची सोय केली. या एका पावलाने मीडियम फॉरमॅटचा एक जुना मानही धोक्यात आला. हॅसलब्लाडच्या भिंगांतच पाकळ्यांचे शटर असल्यामुळे फ्लॅशचा प्रकाश सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत जुळवता येत असे, तर सामान्य फुल फ्रेम कॅमेऱ्याची मर्यादा अडीचशेव्या भागाच्या आसपास होती. भर उन्हात फ्लॅश वापरून व्यक्तिचित्रे घेणाऱ्यांना हा फरक मोलाचा वाटे. सर्व कोठ्या एकदम टिपल्या जाऊ लागल्या की शटरच्या पाकळ्यांचे हे वैशिष्ट्य उरत नाही. अर्थात त्या कॅमेऱ्याची क्षमता अडीच कोटी पिक्सेलच्याही आत आहे, आणि १० कोटींना तोच वेग देणे आजच्या घडीला परवडणारे नाही.

बाजाराची बाजू थोडक्यात सांगता येते. जपानच्या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते; २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली होती. मोबाइलने तळ गिळला आणि उरला तो हौसेने किंवा व्यवसायासाठी अधिक मोजणारा ग्राहक. अशा आकसलेल्या बाजारात मीडियम फॉरमॅटचे स्थान उलट सुधारले. सोनीचा ‘ए ७ आर फाइव्ह’ सुमारे ३,९०० डॉलरला आला आणि १० कोटी पिक्सेलचा ‘जीएफएक्स १०० एस टू’ सुमारे ५,००० डॉलरला. दशकभरापूर्वी ही दरी अनेक पटींची होती. फुजीफिल्मने फुल फ्रेमच्या गर्दीत न शिरता एपीएस-सीवरून थेट मीडियम फॉरमॅटवर उडी घेतली, हा गेल्या दहा वर्षांतील सर्वांत धूर्त व्यापारी निर्णय म्हणावा लागेल. हॅसलब्लाडची मालकी ड्रोन बनवणाऱ्या चिनी ‘डीजेआय’कडे गेली आणि त्या भांडवलावर ती कंपनी सावरली. मात्र सेन्सरच्या बाबतीत दोघीही सोनीवर अवलंबून आहेत, आणि सोनी स्वतः मीडियम फॉरमॅट कॅमेरा विकत नाही. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच मागावर आपले कापड विणले जावे, ही परिस्थिती नाजूक आहे.

यावरून भवितव्याविषयी जे अनुमान निघते ते असे, की ‘मीडियम फॉरमॅट’ या एका नावाखाली नांदणारी दोन मापे यापुढे वेगवेगळ्या वाटांनी जातील. ५४ × ४० चे माप छायाचित्रकाराच्या खांद्यावरून उतरून संग्रहालये, प्रयोगशाळा आणि विमाने यांच्यात स्थिरावेल. सोनीने २०२४ मध्ये जाहीर केलेला सुमारे २४.७ कोटी पिक्सेलचा मोठा सेन्सर मुळातच औद्योगिक वापरासाठी आहे, ही याचीच खूण होय. ४४ × ३३ चे माप छायाचित्रकारांकडेच राहील, पण स्वतंत्र वर्ग म्हणून नव्हे, तर लहान फॉरमॅटच्या घरावर चढवलेला वरचा मजला म्हणून. फुल फ्रेमच्या कोठ्या बारीक झाल्या की त्याच पिढीच्या कोठ्या या मापावरही येतील आणि पाऊण स्टॉपची आघाडी पाऊण स्टॉपचीच राहील. ती वाढण्याचे कोणतेही भौतिक कारण दिसत नाही, आणि ती मिटण्याचेही नाही. तिच्यासाठी पैसे मोजणारे पुरेसे ग्राहक जोवर आहेत तोवर सोनी ताग्यातून तेवढा मोठा तुकडा कापून देईल, आणि ते न उरल्यास त्याच दिवशी थांबेल.

वाचकाला एकच विनंती आहे. पुढील प्रकरणांत तुलनेसाठी दिलेली चित्रे पाहताना पिक्सेलला पिक्सेल भिडवून नव्हे, तर दोन्ही कॅमेऱ्यांचे चित्र एकाच मापाच्या कागदावर छापून, हातभर अंतरावरून पाहावे, आणि कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्याचे हे ओळखल्यानंतरच खालची ओळ वाचावी.